द्राक्षमुलूख – ९ : अकलूजची सांजोवेझे

पिएमाँतेचा प्रवास, म्हणजे नेब्बियोलो आणि बारोलो, एक आठवडा पुढे ढकलतो आहे. तोस्कानावरचा भाग वाचून वाकडच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न या लेखमालेच्या मुळालाच हात घालणारा आहे. सांजोवेझे ही तिथली द्राक्षाची जात आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरातही पिकते, तिची लाल वाइन आपल्याकडे मिळते. मग तिला इटालियन परंपरेतली वाइन का म्हणू नये? माझं उत्तर स्पष्ट आहे : म्हणू नये, आणि त्यात अकलूजचा काडीचाही कमीपणा नाही. द्राक्षाची जात आणता येते. परंपरा मात्र त्या त्या मातीतच घडवावी लागते, आणि ती घडवण्याचं कसब आपल्या बागायतदाराच्या अंगी आधीपासून आहे.

इटलीशी असलेलं नातं खरंच आहे. दिल्लीचे सेखरी, इटलीचे सेक्की आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्यांनी ‘फ्रातेल्ली’ ही वाइनरी उभी केली आणि वाइन घडवायला तोस्कानाचे पिएरो मासी आले. पण वेलीचं वर्ष पाहा. तोस्कानात थंडीत पानं झडतात, वेल झोपते, छाटणी एकदाच होते. वसंतात डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिवस निवत असताना, घड पिकतात. अकलूजच्या माळशिरस तालुक्यात वेलीला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून उन्हाळ्यात खरड छाटणी करायची, तिच्यानंतरच्या फुटीवर काडीत घडनिर्मिती होऊ द्यायची, आणि पावसाळा सरताना फळछाटणी घेऊन डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावायची. मण्यात पाणी उतरतं ते हिवाळ्यात आणि काढणीच्या वेळी ऊन चढत असतं. तिकडे पिकताना गारवा वाढतो, इकडे उष्मा. आम्लता टिकवायची तर काढणीचा दिवस वेगळ्याच हिशोबाने ठरवावा लागतो, आणि तो हिशोब तोस्कानातून आयता मिळत नाही.

यावर आक्षेप येईल की रोप तर तेच आहे. पण रोपावरच सारं ठरत असतं, तर खुद्द तोस्कानात एवढे भेद कशाला उरले असते? मोन्ताल्चीनोच्या ब्रुनेल्लोत सांजोवेझेशिवाय दुसरं द्राक्ष चालत नाही आणि काढणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीआधी ती बाजारात येत नाही. क्यांती क्लासिकोत सांजोवेझे किमान ८० टक्के लागते, बाकी जोडीला इतर लाल जाती चालतात. जात एक, गावं शेजारची, नियम निराळे. कारण प्रत्येक गावाने आपल्या उतारावर काय जमतं ते पिढ्यान् पिढ्या पारखून घेतलं. शिवाय एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने युरोपच्या बागा पोखरल्यापासून इटलीतल्या बहुतेक वेली अमेरिकन खुंटावरच उभ्या आहेत. मूळ परकं असूनही बारोलो बारोलोच राहिली.

दुसरा आक्षेप काळाचा : इटलीला शतकं मिळाली, आपल्याला जेमतेम दोन दशकं. बोल्गेरीचं उदाहरण इथे बोलकं आहे. तोस्कानाच्या या किनारी भागाला लाल वाइनचं नाव नव्हतं. तिथे मारिओ इन्चीझा देल्ला रोक्केत्ता यांनी काबेर्ने सोविन्यों हे फ्रेंच द्राक्ष लावलं; त्याची १९६८ची सास्सिकाया वाइन विक्रीला आली आणि १९९४मध्ये कायद्याने बोल्गेरीच्या लाल वाइनला मानांकन दिलं. पंचवीस-एक वर्षांत परंपरेचा पाया पडला. आपल्याकडे तर पारख करणारी नजर जुनीच आहे. तासगावजवळच्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनच्या बागेतून ‘तास-ए-गणेश’ निवडली, नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’. हजार वेलींतली एक निराळी वेल ओळखून तिचीच काडी वाढवायची, हेच काम तोस्काना करत आला. फरक उद्दिष्टाचा आहे. खाण्याच्या द्राक्षाचा मणी जीएमध्ये (जिबरेलिक आम्लात) बुडवून फुगवायचा असतो. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो आणि रसाच्या मानाने साल जास्त मिळायला हवी. म्हणजे नजर तीच ठेवून कसोटी बदलायची आहे.

म्हणून माझा आग्रह एवढाच : अकलूजच्या बाटलीला क्यांतीच्या शेजारी ठेवून गुण देऊ नका. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं, ही सुरुवात चांगली झाली, पण एवढ्या मोठ्या टापूत गावागावांतला फरक बुडून जातो. माळशिरसमधल्या गारवाडची सांजोवेझे आणि मोटेवाडीची सांजोवेझे वेगळी लागते का, हे कळायला बाटलीवर गावाचं नाव हवं, छाटणी-काढणीच्या तारखांची नोंद हवी आणि ती वर्षानुवर्षं ताडून पाहणारा ग्राहकही हवा. वाकडच्या वाचकांनी दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा : ही द्राक्षं कोणत्या गावची? पुढच्या आठवड्यात मात्र नक्की पिएमाँते. नेब्बियोलो आपल्या टेकड्या सोडून बाहेर सहसा का रमत नाही, ते आजच्या या चर्चेच्या उजेडात पाहू.