तुरुंगातला हॅम्लेट, गेममधला हॅम्लेट

मराठी नाटकाला गेलात तर सुरुवातीला तीन घंटा ऐकू येतात. पहिल्या घंटेला लोक बाहेर बटाटेवडा खात असतात. दुसऱ्या घंटेला आत येऊन आपापली खुर्ची शोधतात. तिसरी घंटा झाली की दिवे जातात आणि पडदा वर जातो.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रातली सगळी नाट्यगृहं बंद झाली. तिसरी घंटा थांबली. नाटकात काम करणाऱ्यांचं पोट प्रयोगावर असतं. प्रयोग नाही तर पैसे नाहीत. नट, दिव्यांची व्यवस्था बघणारे, मेकअप करणारे, सेट उभारणारे, सगळे घरी बसले. मी तेव्हा इथे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये (आम्ही नुसतं डीआयपी म्हणतो) जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ऑफिसचं काम करत होतो. माझं काम बंद पडलं नाही, कारण ते कॉम्प्युटरवरच होतं. नाटक कॉम्प्युटरवर कसं करणार?

काही लोकांनी ते करून बघितलं. जुलै २०२० मध्ये हृषीकेश जोशी यांनी ‘मोगरा’ हे नाटक इंटरनेटवर आणलं. कलाकार आपापल्या घरातून काम करत होते आणि प्रेक्षक आपापल्या घरात बसून बघत होते. नेटवरचं नाटक म्हणून त्याला नाव दिलं ‘नेटक’. हा शब्द मला फार आवडतो. काना गेला, मात्रा आली आणि नवा शब्द तयार झाला!

इंग्लंडमध्ये दोन नटांनी याहून वेडी गोष्ट केली. सॅम क्रेन आणि मार्क ऊस्टरव्हीन हे ते दोघं. २०२१ च्या सुरुवातीला तिकडे पुन्हा लॉकडाऊन होता. दोघांनाही काम नव्हतं. वेळ घालवायला ते ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ हा गेम खेळत. (हा गेम मोठ्यांसाठी आहे. तुम्ही १८ वर्षांचे नसाल तर नुसतं वाचा, खेळायला मागू नका. नाहीतर तुमच्या आईचा मला फोन येईल.) या गेममध्ये लॉस सँटोस नावाचं एक खोटं शहर आहे. रस्ते, समुद्र, डोंगर, पोलीस, सगळं आहे. एक दिवस फिरता फिरता त्यांना तिथे एक मोठं उघडं नाट्यगृह दिसलं. समोर रंगमंच, पुढे प्रेक्षकांसाठी जागा. नटाला रिकामा रंगमंच दिसला की राहवत नाही. त्यांनी तिथे उभं राहून शेक्सपिअरचे संवाद म्हणायला सुरुवात केली. थोड्याच वेळात दुसरे खेळाडू आले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. मग पोलीस आले. तालीम संपली!

पण त्यांनी ठरवलं की पूर्ण ‘हॅम्लेट’ इथेच करायचं.

‘हॅम्लेट’ ही डेन्मार्कच्या एका राजपुत्राची गोष्ट आहे. त्याच्या वडिलांचा खून होतो. खून करणारा त्याचा काकाच असतो, आणि तो काका हॅम्लेटच्या आईशी लग्न करून राजा होतो. सूड घ्यावा की नाही, जगावं की नाही, हे हॅम्लेटला ठरवता येत नाही. शेक्सपिअरने हे नाटक साधारण १६०० च्या सुमारास लिहिलं.

आता गंमत बघा. मराठीत हे नाटक आलं ते तुरुंगातून. ‘केसरी’ वर्तमानपत्राचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि लोकमान्य टिळक यांना १८८२ मध्ये शिक्षा झाली. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध त्यांनी मजकूर छापला होता, त्यावरून खटला झाला. १०१ दिवस ते मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. तिथे असताना आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं मराठी रूपांतर केलं. पुढच्या वर्षी ते ‘विकारविलसित’ या नावाने छापून आलं. नंतर गणपतराव जोशी हे नट ही भूमिका इतकी छान करायचे की त्यांचं नाव या नाटकाशी कायमचं जोडलं गेलं. एक माणूस कोठडीत अडकलेला आणि दोन माणसं लॉकडाऊनमध्ये अडकलेली. तिघांनाही ‘हॅम्लेट’च का सुचावं? मला वाटतं, तो राजपुत्रही अडकलेलाच आहे. त्यालाही डेन्मार्क देश तुरुंगासारखा वाटतो.

गेममध्ये नाटक कसं करतात, ते आता बघू. प्रत्येक खेळाडूचा एक अवतार असतो. तुम्ही बटणं दाबता, अवतार चालतो, बसतो, हात हलवतो. आवाज मात्र तुमचा, मायक्रोफोनमधून जाणारा. म्हणजे चेहऱ्याचा अभिनय जवळजवळ नाहीच, सगळा भार आवाजावर. अवतार कोणताही चालतो. नटाचं रूप आणि नट वेगळे असणं आपल्याला नवीन नाही. बालगंधर्व पुरुष होते, पण ‘मानापमान’ नाटकात ते भामिनी व्हायचे आणि लोक त्यांच्या साड्यांची नक्कल करायचे.

सॅम आणि मार्कने गेममध्येच निवड-चाचणी घेतली. काही नट आले, काही साधे खेळाडू आले. एकजण हिरव्या परग्रहवासीचा वेश घालून आला. हॅम्लेटचं काम ज्याला दिलं होतं, त्याला मध्येच खरी नोकरी मिळाली आणि तो गेला. (हे आपल्या गणपती मंडळाच्या नाटकातही दर वर्षी होतं.) नाटक एकाच जागी न करता ते शहरभर फिरवलं. गेममध्ये एका वेळी साधारण ३० खेळाडूच एकत्र असू शकतात, म्हणून गर्दी लहानच. त्यातला कोणीही उठून गोळी झाडू शकतो. ‘हॅम्लेट’च्या शेवटी जवळजवळ सगळे मरतात. इथे ते मधेच मरायचे आणि काही सेकंदांनी दुसऱ्या रस्त्यावर परत उभे राहायचे. मग धावत रंगमंचावर!

सॅमची बायको पिनी ग्रिल्स माहितीपट बनवते. माहितीपट म्हणजे खऱ्या माणसांवरचा, खऱ्या घटनांवरचा चित्रपट. तीही गेममध्ये शिरली आणि तिने हे सगळं गेमच्या आतच चित्रित केलं. ‘ग्रँड थेफ्ट हॅम्लेट’ हा चित्रपट २०२४ मध्ये आला. त्यात जवळजवळ कुठेच खरा कॅमेरा नाही, खरा चेहरा नाही. तरी मार्कचा एकटेपणा त्याच्या आवाजात कळतो. सॅम आणि पिनी एका घरात राहतात, पण त्यांचं भांडण मात्र गेममध्ये होतं. ते भांडण ठरवून केलं असेल का, अशी मला शंका आली. पण कॅमेरा समोर असला की माणूस थोडं नाटक करतोच, गेममध्ये असो की बाहेर.

त्याच वर्षी गेमवरचा आणखी एक माहितीपट आला. तो बघताना मी रडलो. मॅट्स स्टीन हा नॉर्वेचा मुलगा. त्याला स्नायू हळूहळू निकामी होण्याचा आजार होता. तो व्हीलचेअरवर असायचा आणि तासन् तास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळायचा. २०१४ मध्ये, २५ व्या वर्षी, तो गेला. आईवडिलांना वाटायचं, आपल्या मुलाला मित्रच नव्हते. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर तो गेल्याची बातमी लिहिली. आणि वेगवेगळ्या देशांतून पत्रं यायला लागली. गेममध्ये तो ‘इबेलिन’ होता, धावणारा, लोकांचं ऐकून घेणारा. त्याच्या गटातले पाच जण अंत्यविधीला आले. दिग्दर्शक बेंजामिन री याने गेममधल्या जुन्या संभाषणांच्या नोंदी घेतल्या आणि गेमसारखंच चित्र वापरून ते प्रसंग पुन्हा उभे केले. ज्यांनी गेम बनवला त्यांची परवानगी त्याने चित्रपट जवळजवळ पूर्ण झाल्यावर मागितली. मिळाली, पण तुम्ही असं करू नका. गेममधली चित्रं कंपनीच्या मालकीची असतात. आधी विचारावं.

हे सगळं वाचून मी आमच्या वर्गातल्या पाच मुलांबरोबर माइनक्राफ्टमध्ये शाकुंतलातला एक प्रवेश केला. कालिदासाच्या नाटकात दुष्यंत राजा शापामुळे शकुंतलेला विसरतो, आणि ओळख पटवणारी तिची अंगठी हरवते. ती अंगठी एका कोळ्याला माशाच्या पोटात सापडते. माइनक्राफ्टमध्ये मासे पकडता येतात, अंगठी नाही. म्हणून आम्ही सोन्याचा तुकडा घेतला. गेममध्ये बोलायची सोय नव्हती, तर बाजूला झूम लावलं. आवाज उशिरा यायचा, त्यामुळे शिपाई आधी ओरडायचा आणि कोळी नंतर चोरी नाकबूल करायचा. राजा दोनदा पाण्यात पडला.

कोळी झालेली मुलगी वर्गात कधी बोलत नाही. तिला ‘ळ’ म्हणता येत नाही आणि एकदा कोणीतरी हसलं होतं. त्या दिवशी तिचा चेहरा कोणाला दिसत नव्हता. तिने सगळे संवाद म्हटले, आणि स्वतःचे दोन जास्तीचे. ‘मासोळी’ हा शब्द तिने चार वेळा म्हटला. तिसऱ्या वेळी तो ‘मासोली’ झाला, तर तिने स्वतःच थांबून नीट करून घेतला. पुढच्या शनिवारी तिने विचारलं, “दादा, आता शकुंतला मी होऊ का?”

तालीम दुबईच्या वेळेने संध्याकाळी सहाला आहे, म्हणजे भारतात साडेसात. अजून दुष्यंत मिळालेला नाही. तुम्ही कोणती भूमिका घ्याल आणि तुमचा अवतार कसा असेल, ते पाच-सहा वाक्यांत लिहून आणा. ‘ळ’ असलेले तीन शब्द त्यात हवेत.