लाकडी टेबल घरच्या घरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चार पाय, त्यांना जोडणारी चौकट आणि वरची फळी, म्हणजेच टॉप, एवढेच साध्या टेबलाचे भाग. लिहिण्याचे किंवा जेवणाचे टेबल साधारण 28 ते 30 इंच उंच असते, आणि एका माणसाच्या कामाला 4 फूट लांब, 2 फूट रुंद टॉप पुरेसा होतो. 2 इंची चौरस पाय, 4 इंच रुंद व 1 इंच जाड चौकटीच्या पट्ट्या आणि 1 इंच जाडीचा टॉप धरला तर सव्वा घनफुटाच्या आसपास लाकूड लागते. कापण्यात वाया जाणारे धरून दीड घनफूट घ्यावे. हिशेबाची वखारीतली रीत सोपी आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला 144 ने भागायचे. वस्तू इतकी साधी असली तरी तिच्याभोवतीचे गैरसमज बरेच आहेत, आणि त्यांच्यामुळे पैसा व मेहनत नको तिथे खर्च होते.

पहिला गैरसमज यंत्रांचा. विजेवर चालणारी मोठी करवत आणि रंध्याचे मशिन असल्याशिवाय हे काम होणार नाही, असे मानून अनेक जण सुरुवातच करत नाहीत. प्रत्यक्षात फळ्या उभ्या चिरणे आणि दोन्ही बाजूंनी रंधणे ही अवजड कामे वखारीतच करून मिळतात. प्लायवूड विकणारे बरेच दुकानदारही मापाप्रमाणे कापून देतात. घरी उरते ते आडवे कापणे, खाचा पाडणे, भोके पाडणे आणि जोडणे. त्यासाठी हातकरवत, पटाशी, हातोडी, गुण्या, टेप, हातातले ड्रिल आणि दोन-चार क्लॅम्प पुरतात. हत्यारांच्या संख्येपेक्षा त्यांची धार महत्त्वाची. बोथट पटाशी हाताला कमी लागते हा समज तर उलटाच आहे. बोथट हत्यारावर जोर जास्त द्यावा लागतो आणि ते निसटले की तोच जोर हातावर येतो. पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागेच हवेत.

कापण्याआधीची आखणी हा या कामाचा दुर्लक्षित भाग आहे. गुण्या लावून पेन्सिलऐवजी धारदार कटरने रेघ मारली की वरचे तंतू आधीच तुटतात, त्यामुळे करवत फिरल्यावर कडेला झिलपे निघत नाहीत. करवतीच्या पात्यालाही जाडी असते. म्हणून पाते रेघेवर न ठेवता टाकाऊ बाजूला ठेवायचे. सुतार इंचाचे आठ सूत धरतात. रेघेच्या चुकीच्या बाजूने कापले तर तुकडा अर्धा-पाऊण सूत आखूड होतो आणि सांध्यात फट राहते. चारही पाय एकत्र बांधून एकाच वेळी आखले तर टेप चार वेळा लावण्यात होणारी चूक टळते.

टेबल सागवानाचेच हवे, हा समज महाराष्ट्रात खोल रुजलेला आहे. आलापल्ली-बल्लारपूरकडच्या सागवानाची कीर्ती रास्त आहे: ते कमी आकसते, त्यातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी सहसा लागत नाही आणि ते रंध्याखाली चांगले चालते. पण हे गुण गाभ्याच्या लाकडाचे. सालीलगतचा पांढरट भाग सागाचा असला तरी त्याला कीड लागू शकते, त्यामुळे नुसते ‘सागवान’ हे नाव ऐकून पैसे मोजण्यात अर्थ नाही. घरात, कोरड्या जागी राहणाऱ्या टेबलाला आंबा, बाभूळ किंवा पाइनही चालते. बैलगाडीची चाके आणि नांगर ज्या बाभळीचे होत, ती पायांना कमी पडत नाही. मात्र ती कठीण असल्यामुळे हातकरवतीने कापायला वेळ लागतो. आंबा कापायला सोपा, पण त्याला भुंगा लवकर लागतो, म्हणून कीडनाशक प्रक्रिया केलेलाच घ्यावा.

पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन स्वस्तात मिळते. परदेशी मालाच्या पेट्यांवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि त्याशेजारी प्रक्रियेची अक्षरे छापलेली असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे तापवलेले, आणि ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. घरातल्या वस्तूसाठी दुसऱ्या प्रकारचे लाकूड टाळावे. पहिल्या प्रकाराबद्दलही एक समज दुरुस्त करायला हवा: तापवण्याने त्या वेळी आत असलेली कीड मरते, पुढे लागणारी थांबत नाही.

प्लायवूड म्हणजे कमी दर्जाचे, हा समजही टिकणारा नाही. त्यातले पातळ थर एकमेकांशी काटकोनात चिकटवलेले असल्याने हवेतल्या ओलाव्याने ते फार फुगत-आकसत नाही, आणि 18 किंवा 19 मिमी जाडीचे प्लाय टॉपसाठी उत्तम. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द मात्र जपून वाचावा. सर्वसाधारण प्लायवूडसाठी आयएस 303 आणि मरीन प्लायवूडसाठी आयएस 710 हे मानक आहे. पाण्याला दाद देत नाही तो थरांमधला चिकट पदार्थ, लाकूड नव्हे. शिवाय प्लायच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की लाकूड एकदा वाळले की ते हलत नाही. लाकूड आयुष्यभर हवेतून ओलावा घेते आणि सोडते. जुन्या वाड्याच्या तुळईतून काढलेली फळीही याला अपवाद नाही. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत तो दिसतो. 2 फूट रुंदीचा सागवानी टॉप कोरड्या दिवसांपासून भर पावसाळ्यापर्यंत 4-5 मिमी, म्हणजे सूत-दीड सूत फुगू शकतो. कोकणात बनवून विदर्भात नेलेल्या टेबलात हा फरक आणखी वाढतो. असा टॉप चारही बाजूंनी फेविकॉल आणि स्क्रूने चौकटीला जखडला तर पावसाळ्यात तो चौकट फाकवतो किंवा उन्हाळ्यात स्वतः मध्येच तडकतो. सुताराने ओले लाकूड वापरले असा दोष मग दिला जातो, पण अनेकदा चूक जोडणीची असते. टॉपला सरस लावू नये. चौकटीच्या आतून लोखंडी एल-पट्ट्या बसवाव्यात आणि स्क्रूची भोके टॉपच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत, म्हणजे टॉप जागेवर राहूनही सरकू शकतो. आणलेल्या फळ्या वापरण्यापूर्वी दोन-तीन आठवडे त्याच घरात, मध्ये पातळ पट्ट्या ठेवून रचाव्यात. एखादी लहान फळी अधूनमधून वजन करून पाहावी; वजन घटत असेल तर लाकूड अजून सुकते आहे.

टेबल डळमळू नये म्हणून पाय जाड करण्याकडे कल असतो. पण बळकटी येते ती चौकटीतून आणि सांध्यांतून. 4 इंच रुंद, 1 इंच जाड पट्टी आडवी टाकण्याऐवजी उभी बसवली तर तीच पट्टी 16 पट ताठ होते, कारण ताठपणा उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. पट्टी पायाला जोडताना पायातून नुसता लांब स्क्रू पट्टीच्या टोकात घुसवणे हा सर्रास दिसणारा प्रकार आहे. टोकाकडे तंतू उभे असतात, तिथे स्क्रूची पकड कमकुवत राहते आणि टेबल दहा वेळा सरकवले की सांधा खुळखुळतो. पट्टीच्या टोकाला कूस काढून ती पायातल्या खाचेत बसवणे हा जुना आणि खात्रीचा उपाय. तो जमत नसेल तर पट्ट्या पायाला सरस आणि लाकडी खुंट्यांनी जोडून चौकटीच्या प्रत्येक आतल्या कोपऱ्यात तिरका ठोकळा बसवावा. ठोकळ्यातून दोन्ही पट्ट्यांच्या रुंद बाजूंत स्क्रू जातात आणि तिथे त्यांना चांगली पकड मिळते. 8 नंबरच्या स्क्रूसाठी कठीण लाकडात आधी सुमारे 3 मिमीचे भोक पाडले नाही तर लाकूड चिरते.

सरस जास्त म्हणजे जोड पक्का, असेही अनेकांना वाटते. पांढरा सरस फट भरून काढत नाही. दोन पृष्ठभाग घट्ट भिडलेले असतील तरच तो काम करतो. रेषांच्या दिशेने चिकटवलेल्या दोन फळ्यांचा असा जोड तोडायला गेले तर बहुधा बाजूचे लाकूड आधी फाटते. पातळ थर लावून क्लॅम्प आवळल्यावर कडेने बारीक थेंब दिसले की प्रमाण बरोबर. ते ओल्या फडक्याने लगेच पुसावेत, नाहीतर तिथे पॉलिश धरत नाही. क्लॅम्प कमी पडले तर चौकटीभोवती दोरी गुंडाळून काठीने पिळली तरी दाब मिळतो. पूर्ण पकड यायला 24 तास द्यावेत.

टेबल डुगडुगले की एक पाय आखूड झाला असे धरून दुसरा कापायला घेतला जातो. हा उपाय सहसा टेबल बुटके करतो, स्थिर नव्हे. सरस ओला असतानाच चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी झाली आहे आणि लांब कर्णाच्या दिशेने दाबून ती सरळ करता येते. कर्ण सारखे असूनही टेबल हलत असेल तर चौकटीला पीळ तर नाही ना हे पाहावे. तसेच टेबल जागच्या जागी थोडे फिरवावे. फिरवल्यावर डुगडुग थांबली तर दोष फरशीचा.

पॉलिशने लाकडात ओलावा शिरणे बंद होत नाही, फक्त मंदावते. म्हणून टॉपच्या वरच्या बाजूइतकेच हात खालच्या बाजूलाही द्यावेत. एकाच बाजूला पॉलिश केलेली फळी वाकण्याचा धोका असतो. लाखेचे पॉलिश सुंदर दिसते, पण गरम भांड्याने त्यावर पांढरा डाग पडतो, त्यामुळे जेवणाच्या टेबलाला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे पॉलिश अधिक योग्य. जवसाचे तेल वापरल्यास एक धोका फारसा कुणाला माहीत नसतो: तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टाकली तर तेल सुकताना निघणाऱ्या उष्णतेने ती आपोआप पेट घेऊ शकतात. अशी फडकी मोकळ्या जागी पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून मगच टाकावीत.