एका डोळ्याने अचानक अंधुक दिसतंय?

तांदूळ निवडताना किंवा सुईत दोरा ओवताना एका डोळ्याने अंधुक दिसू लागलं, डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगू लागले, तर आपण काय म्हणतो? “चष्मा लागला असेल, बघू सुगी झाल्यावर.” पण चष्म्याचा नंबर असा चार दिवसांत, एकाच डोळ्यात वाढत नाही. यामागे टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतूही असू शकतो.

तमिळनाडूतल्या कोइमतूरमध्ये २००४-०५ साली वर्षभरात २४८ जणांच्या डोळ्यांत या जंतूची लागण आढळली. डॉक्टरांचा संशय गेला तो पिण्याच्या पाण्यावर.

हा जंतू पाण्यात येतो कसा? मांजर उंदीर किंवा कच्चं मांस खातं आणि त्याला लागण होते. मग एक-दोन आठवडे त्याच्या विष्ठेतून जंतूची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. ओल्या मातीत ती कित्येक महिने टिकतात. पावसात वाहून विहिरीत, तळ्यात जातात. नीट न शिजलेल्या मटणातूनही लागण होते.

बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. कुणाला थोडा ताप येतो, मानेत गाठी येतात. पण काहींच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज येते. सूज ओसरली तरी तिथे व्रण राहतो आणि तेवढ्या जागेची नजर जाते. व्रण पडद्याच्या मधोमध असला तर समोरच्या माणसाचा चेहराही दिसत नाही. औषधाने सूज उतरते, व्रण मात्र जात नाही. जंतू शरीरात दबा धरून राहतो, म्हणून काही वर्षांनी दुखणं उलटूही शकतं.

म्हणून दुकानातून थेंब आणून घालत बसू नका. दुखणं आतल्या पडद्याचं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ते बाहुली मोठी करून पडदा तपासतील.

आता काळजी काय घ्यायची? टीसीएल टाकलेलं पाणी इतर रोगांसाठी चांगलंच, पण ही अंडी त्याने मरत नाहीत. पाणी खळखळून उकळा. मटण पूर्ण शिजवा, कच्च्या मटणाचे हात आणि विळी साबणाने धुवा. मातीत काम केल्यावर हात धुवा, भाजी धुऊन खा. विहिरीला कठडा आणि झाकण असावं, ही मागणी ग्रामसभेत मांडा.

घरात कुणी गरोदर असेल तर मांजराची घाण तिला काढायला लावू नका. गरोदरपणात नवी लागण झाली तर ती बाळापर्यंत पोहोचू शकते. मांजराला मात्र हाकलू नका. त्याला शिजवलेलं अन्न द्या, घाण रोजच्या रोज काढून खोल पुरा.

आज एक करा. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे आधी एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. घरातल्या सगळ्यांना करायला सांगा. एका डोळ्याने तारीख पुसट दिसली, तर सुगीची वाट बघू नका.