गावनामा : खेड, पण कोणतं?

पेठेबद्दल लिहीन असं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं. पेठ थांबेल. मध्येच दापोलीच्या एका वाचकांनी खेडचा विषय काढला आणि माझा नाइलाज झाला, कारण या नावावर माझा फार जुना जीव आहे. त्यांनी विचारलंय : शाहू आणि ताराबाई यांच्या पक्षांत झालेली खेडची लढाई आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, जगबुडीकाठच्या खेडची का?

नाही हो. औरंगजेब मार्च १७०७ मध्ये नगरजवळ वारला, पुढे आझमशाहनं शाहूला सोडलं आणि तो उत्तरेकडून नगरच्या बाजूनं साताऱ्याकडे निघाला. त्याला अडवायला ताराबाईंनी धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी यांना धाडलं. आता नकाशावर बोट फिरवा. नगरहून साताऱ्याला निघालेला माणूस सह्याद्री उतरून कोकणात कशाला जाईल? ऑक्टोबर १७०७ मध्ये गाठ पडली ती पुण्याच्या उत्तरेला, भीमेकाठच्या खेडात. धनाजी आतून शाहूला वळलेले, त्यामुळे लढाई कसली, नावालाच! प्रतिनिधींना साताऱ्याकडे पळ काढावा लागला आणि जानेवारी १७०८ मध्ये शाहूला राज्याभिषेकही झाला. मराठ्यांच्या गादीचा निकाल लावणारा हा प्रसंग, आणि पुस्तकांत काय, तर ‘खेड येथे’. कोणतं खेड हे सांगायची तसदी लेखकांनी का घेऊ नये, मला कळत नाही.

पण दोष नावाचाही आहे. संस्कृत ‘खेटक’वरून आलेलं ‘खेड’ म्हणजे नुसतं गाव. पंचक्रोशीत तेवढं पुरतं. पंचक्रोशी ओलांडली की घोटाळा. म्हणून बहुतेक खेडांना मागंपुढं काहीतरी चिकटलेलं दिसतं. जनाबाईंचं गोदाकाठचं गंगाखेड झालं, जिजाऊंचं सिंदखेड राजा. साताऱ्याच्या रस्त्यावरच्या खेडनं शेजारच्या शिवापूरचा हात धरला, आणि टोलनाक्यामुळे ती जोडी आता सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. बिनशेपटीची मोठी खेडं उरली दोन : रत्नागिरी जिल्ह्यातलं आणि भीमेकाठचं.

त्यातलं भीमेकाठचं खेड हे हुतात्मा राजगुरूंचं जन्मगाव, म्हणून त्याचं राजगुरुनगर झालं. आता घोळ मिटला म्हणावं, तर नाव बदललं ते गावाचं. तालुका खेडच राहिला! म्हणजे ज्ञानेश्वरांची आळंदी खेड तालुक्यात, चाकणचे कारखाने खेड तालुक्यात, पण त्या तालुक्याचं मुख्य ठिकाण पाकिटावर लिहायचं तर राजगुरुनगर. जुनी माणसं आजही ‘खेडला जाऊन येतो’ म्हणतात आणि उतरतात राजगुरुनगरच्या स्टँडवर.

निवडणुकांनी तर कहर केला होता. मतदारसंघांची २००८ ची पुनर्रचना होईपर्यंत लोकसभेचा एक खेड मतदारसंघ होता, तो पुणे जिल्ह्यातला. विधानसभेचाही एक खेड होता, तो रत्नागिरीतला. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्या काळात ‘खेडमध्ये चुरस’ असा मथळा वाचला की मी आधी बातमीखाली उमेदवारांची नावं शोधत असे. पुढे पुण्याकडचा तो लोकसभा मतदारसंघ शिरूर झाला, कोकणातला विधानसभेचा नकाशावरून गेला. खेड-आळंदी मात्र विधानसभेत आहे, आणि तिथे आळंदीनं खेडला ओळख दिली आहे.

आणि एक गंमत, जी मला सगळ्यांत आवडते. ‘खेडं’ हे सामान्यनाम चालवलं की ‘खेड्यात’ होतं. गावाचं नाव चालवलं की ‘खेडात’. एका ‘य’वर सगळा मान. कोकणातल्या खेडकरांना चुकून ‘तुम्ही खेड्यात राहता ना?’ विचारून पाहा. नगरपरिषद आहे, कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, मुंबई-गोवा महामार्ग उंबऱ्याशी आहे, हे सगळं ऐकून घ्यायची तयारी ठेवा. बाहेरगावचे लोक या भानगडीत न पडता ‘खेडमध्ये’ म्हणतात. सोय म्हणून ठीक, पण कानाला ‘खेडात’च बरं.

दापोलीकरांनी पत्राच्या शेवटी गुजरातचंही विचारलंय. होय, १९१८ चा सत्याग्रह झाला तो खेडा जिल्हा याच कुळातला. तिकडे आत्ता वळलो तर पेठ दिवाळीपर्यंत लांबेल. तेव्हा पुढच्या आठवड्यात पेठच, आणि आधी पुण्याच्या नव्हे, नाशिक जिल्ह्यातली, तालुक्याची.