आराखड्यावर हरकत घ्यायची कशी?

नगररचना खात्यात मी अनुरेखक म्हणून लागलो. सर्व्हे नंबरांच्या हद्दी शाईने ओढायच्या, मग रंग भरायचे: वस्तीला पिवळा, कारखान्यांना जांभळा, शेतीला हिरवा. निवृत्तीनंतर तेच नकाशे मी आता लोकांना वाचून दाखवतो. विकास आराखड्याने माणसाचं घर रस्त्यात जाऊ शकतं, मुलांचं मैदान वाचू शकतं, आणि तरी तो उलगडून पाहणारे गावात फार थोडे असतात.

महाराष्ट्रात हे सगळं १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने चालतं. नगरपरिषद असो वा महापालिका, आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. मग जागोजागी फिरून जमिनीचा आज काय वापर आहे याचा नकाशा बनतो, त्यावरून प्रारूप आराखडा तयार होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. त्यांवर नियोजन समिती सुनावणी घेते. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. शेवटी मंजुरी राज्य शासनाची. शासनाला मोठे फेरबदल करायचे असतील, तर त्यांवरही लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात.

लोक येतात ते छापील अर्ज घेऊन. मजकूर एकच, खाली नाव आणि सही बदललेली. असे हजार अर्ज आले तरी समितीपुढे मुद्दा एकच राहतो. एका नगरपरिषदेत शाळेचं आरक्षण ओढ्याच्या पात्रात पडलं होतं. शेजारच्या शेतकऱ्याने गट नंबर लिहिला, आरक्षण क्रमांक लिहिला, पावसाळ्यात तिथे कमरेएवढं पाणी असतानाचे फोटो लावले आणि वरच्या अंगाला गावठाणालगत पडीक असलेल्या जमिनीचा गट नंबर सुचवला. सुनावणीत तो जेमतेम पाच मिनिटं बोलला असेल. समितीने शाळा हलवली. त्याच्या अर्जात रागाचा एक शब्द नव्हता. अर्ज लिहून द्या म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी एवढंच विचारतो: नेमकी कुठली जागा, काय चुकलंय आणि त्याऐवजी काय हवं?

अर्थात ही सगळी जबाबदारी लोकांवर टाकून मोकळं होता येणार नाही. मुंबईचं उदाहरण ताजंच म्हणायचं. २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. कुठे उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, कुठे वारसा वास्तूंची नोंदच नाही. साठ दिवसांच्या मुदतीत सुमारे ६५ हजार हरकती-सूचना आल्या. वास्तुरचनाकार, वस्त्यांतले कार्यकर्ते, रहिवासी संघ नकाशे पसरून बसले आणि चुका शोधून काढल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा नव्याने करायला सांगितलं. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, आणि नवा आराखडा अमलात यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. लोकांनी बोट ठेवलं म्हणून शहर मोठ्या घोळातून वाचलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पण एवढी वर्षं गेली, ती वाचवता आली असती.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. लोकांना प्रारूपापर्यंत थांबवू नका, जमीन-वापराचा नकाशा झाला की लगेच बोलवा. तो नकाशा प्रभागातल्या शाळेत चार दिवस टांगा, शेजारी लाल पेन्सिल ठेवा आणि खात्याचा एक माणूस बसवा. विहीर कुठे, स्मशानाची वाट कुठली, आठवडी बाजार कुठवर पसरतो, हे तिथल्या बायाबापड्यांना जेवढं ठाऊक असतं तेवढं कार्यालयात बसून कळत नाही. खेड्यात ग्रामसभा तरी आहे. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली, पण आपल्या भागाच्या क्षेत्रसभेला बसलेला नागरिक शोधावाच लागतो.

आराखडा मंजूर झाला की लोक विसरतात. खरी झीज तिथून पुढे सुरू होते. कलम ३७ खाली आरक्षणात किरकोळ म्हणून फेरबदल होतात. त्याचीही नोटीस निघते, महिनाभरात हरकत घेता येते, पण वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरांतली ती जाहिरात वाचतो कोण? कलम १२७ तर त्याहून अवघड. आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि आरक्षित जागा पालिकेने घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यापुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं. मालकाच्या बाजूने पाहिलं तर यात न्याय आहे. कुणाची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण त्या जागेवरचं उद्यान जातं तेव्हा उद्यानाची वाट पाहणाऱ्या वस्तीची हरकत कुणी मागवत नाही. म्हणून आम्ही काही निवृत्त मंडळी दरवर्षी अंदाजपत्रकाच्या आधी पालिकेत लेखी अर्ज देतो: कुठल्या आरक्षणांची दहा वर्षं भरत आली, कुणाकुणाच्या नोटिसा आल्या आणि त्या जागा घेण्यासाठी यंदा किती रक्कम धरली, याची यादी द्या. यादी हाती आली की ती ज्या त्या प्रभागात वाचून दाखवतो आणि नगरसेवकाला सभेत प्रश्न विचारायला लावतो.