चेकनाक्यापलीकडची मुंबई

मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे मुंबई महापालिका, पलीकडे ठाण्याची. मध्ये ना शेत, ना मोकळं रान. इमारतीला इमारत लागलेली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, नाक्यावरच्या ट्रकच्या रांगाही गेल्या. नाव तेवढं उरलं.

डोंबिवलीकर सकाळी डबा पिशवीत टाकताना घरच्यांना सांगतो, ‘मुंबईला निघालो.’ तोच माणूस दिल्लीत गेला की म्हणतो, ‘आम्ही मुंबईचे.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत.

अशा एकमेकांत मिसळलेल्या शहरांसाठी इंग्रजीत ‘कॉनर्बेशन’ हा शब्द आहे. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी तो १९१५ मध्ये ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ या पुस्तकात रूढ केला. लॅटिनमध्ये ‘उर्ब्स’ म्हणजे नगर. त्याला ‘एकत्र’ या अर्थाचा ‘कॉन’ जोडला. गेडिस यांच्यासमोर लँकेशायरसारखे प्रदेश होते. गिरण्या, कोळसा आणि रेल्वे यांच्या जोरावर तिथली गावं पसरत पसरत एकमेकांना भिडली होती. पुढे १९१९ मध्ये हेच गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आले. 

‘कॉनर्बेशन’ हा शब्द वाक्यात वापरताना एक चूक हमखास होते: कुठल्याही मोठ्या शहराला तो चिकटवला जातो. ‘पुणे हे कॉनर्बेशन आहे’ हे वाक्य अर्धवट. ‘पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून कॉनर्बेशन झालं आहे’ हे बरोबर. बोपोडीहून हॅरिस पूल ओलांडला की दापोडी येते आणि महापालिका बदलते. बस मात्र तीच राहते, कारण दोन्हीकडच्या बससेवा २००७ मध्ये ‘पीएमपीएमएल’मध्ये एक झाल्या. जर्मनीतल्या रूर खोऱ्यात तर डॉर्टमुंड, बोखुम, एसेन, ड्युइसबुर्ग अशी शहरं कोळसा-पोलादाच्या धंद्यावर वाढली आणि खेटून उभी राहिली. त्यांतलं कुणीच एक थोरलं नाही.

आपली जनगणना या प्रकाराला ‘नागरी समूह’ म्हणते. २०११ मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत सुमारे १ कोटी २४ लाख लोक होते. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली वगैरे धरून झालेल्या बृहन्मुंबई नागरी समूहात मात्र सुमारे १ कोटी ८४ लाख. वसई-विरार त्यात नाही. त्याची गणती वेगळी झाली. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये खाडी आहे. तिच्यावरच्या पुलावरून विरार लोकल रोज सकाळी खच्चून भरून चर्चगेटकडे येते.