‘झाली’, ‘होतेय’, ‘येतेय’

शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात बालवाडीत किंवा पहिलीत एखाद्या मुलाच्या बस्कराखाली ओल दिसते. बाकीची मुले हसतात, ते मूल रडते आणि आपण म्हणून जातो, ‘घरी वळण लावलेले नाही.’ पण हे वळण लागण्यासाठी शरीरात काय तयार व्हावे लागते?

एक फुगा घ्या. त्यात पाणी भरा आणि त्याचे तोंड एकापुढे एक अशा दोन ठिकाणी चिमटीत धरा. फुगा म्हणजे मूत्राशय. आतली चिमटी आपल्या इच्छेवर चालत नाही. मूत्राशय आकुंचन पावू लागले की ती आपोआप सैल होते. बाहेरची चिमटी आपल्या हुकमतीत असते, पण जन्मापासून नव्हे. तान्ह्या बाळाचे मूत्राशय भरले की रिकामे होते. मेंदूतील वरच्या केंद्रांचा त्यावर ताबा बसू लागायला साधारण दीड-दोन वर्षे जावी लागतात. मग मूल आधी ‘झाली’ असे सांगते, पुढे ‘होतेय’ आणि शेवटी ‘येतेय’. ‘झाली’ म्हणणाऱ्या मुलाला ‘आधी का नाही सांगितलेस?’ असे रागावणे म्हणजे रांगणाऱ्याला पळत नाही म्हणून रागावणे होय.

आपल्याकडे आजी बाळाला पावलांवर बसवून ‘शूऽऽ’ असा आवाज करते. आवाज आणि क्रिया यांची सांगड त्यातून बसते. खाल्ल्यानंतर थोड्या वेळाने बसवण्यामागेही शास्त्र आहे. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याच्या हालचाली वाढतात. उकिडवे बसल्यावर गुदाशयाजवळचा बाक सरळ होतो व शौचाला सोपे जाते.

धाकाने मात्र उलटे घडते. घाबरलेले मूल शौच रोखून धरते. मोठे आतडे मलातील पाणी शोषत राहते, खडा होतो, दुखते आणि दुखते म्हणून मूल आणखी रोखते. पुढे साठलेल्या खड्याच्या कडेने पातळ मल झिरपून चड्डी खराब होते. मुलाला ते कळतही नाही आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

वळसंग हे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे गाव. या पट्ट्यात अनेक घरांत कन्नड बोलतात. कन्नडमध्ये लघवीला ‘उच्चे’ म्हणतात. मुलाला घरचा शब्द येतो, पण बाईंना तो कळेल की नाही या संकोचात वेळ निघून जाते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाचा घरचा शब्द विचारून घ्यावा. संडासही दाखवावा. मोठ्या माणसांच्या मापाचे भांडे आणि अंधार यांची लहान मुलांना खरोखर भीती वाटते.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. तरी ‘लहान मुलाची शी निरुपद्रवी’ हा समज अनेक ठिकाणी आढळतो. रोगजंतू आणि जंतांची अंडी तिच्यातही असू शकतात. ती संडासातच टाकावी आणि हात साबणाने धुवावेत. मुलाचेही आणि आपलेही.

रात्रीचे गणित वेगळे आहे. झोपेत मूत्र कमी तयार करणारे संप्रेरक पुरेसे स्रवावे लागते आणि मूत्राशय भरल्याची जाणीव झोप मोडण्याइतकी व्हावी लागते. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा जण अंथरूण ओले करतात. बहुतेकांचे ते वयाबरोबर थांबते. मात्र लघवीला जळजळ होत असेल, फार तहान लागून वारंवार लघवी होत असेल किंवा अनेक महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

वर्गात आपण तीन गोष्टी करू शकतो. बोट वर करताच जाऊ द्यावे. संडासाच्या भीतीने पाणी न पिणारी मुले, विशेषतः मुली, ओळखाव्यात. आणि एक जादा चड्डी कपाटात ठेवावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांच्या मानसिक छळाला बंदी केली आहे. सर्वांसमोर ‘हा बघा, चड्डीत केली!’ असे म्हणणे हा छळच आहे. ओली चड्डी तासाभरात वाळते; ते वाक्य मात्र मुलाच्या मनात वर्षानुवर्षे राहते.